कान ऐकतात, ओळखतो मेंदू

आमच्या वसई-विरार भागात उर्दू बोलणाऱ्या घरांतील मुलांना मराठीचा श्रुतलेख घातला, की काळ-काल, वेळ-वेल, गाळ-गाल या जोड्या हमखास चुकतात. मागे एका मुलाची अम्मी म्हणाली, "टीचर, पन्नास वेळा लिहून घेतलं, तरी ‘बाळ’चं ‘बाल’च करतो. लक्षच नसतं त्याचं."

मी मुलाला जवळ बोलावलं, तोंडासमोर वही धरली आणि दोन्ही शब्द म्हटले. तो गोंधळून म्हणाला, "टीचर, दोन्ही तर एकच आहेत."

तो खरं बोलत होता. आवाज कानावर पडणं हे संवेदन. तो काय आहे हे मेंदूने ओळखणं हा अवबोध. त्याचं संवेदन ठीक होतं, अवबोध तयार झाला नव्हता. उर्दूत ‘ळ’ नाही, त्यामुळे त्याचा मेंदू ‘ळ’ला ‘ल’च्याच खणात टाकत होता.

ही सवय पाळण्यातच लागते. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी 1984 साली कॅनडातील संशोधन प्रसिद्ध केलं. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या बाळांना त्यांनी हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या फार थोड्यांना. घरात जो फरक कामाचा नसतो, तो मेंदू सोडून देतो.

आपणही याला अपवाद नाही. अरबीत ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. मक्तबमध्ये हा फरक कानात बसवायला उस्तादांना किती मेहनत घ्यावी लागते!

सुटलेला फरक सरावाने परत येतो. ‘र’ आणि ‘ल’ एकसारखेच ऐकणाऱ्या जपानी प्रौढांना इंग्रजी शब्दांच्या जोड्या वेगवेगळ्या लोकांच्या आवाजात ऐकवल्या, चूक-बरोबर लगेच सांगितलं, तेव्हा त्यांची ओळख सुधारली.

घरी हेच करा. रोज पाच मिनिटं ‘माळ’ किंवा ‘माल’ म्हणा. मुलाने फक्त बोट दाखवून ओळखावं. कधी अम्मीने म्हणावं, कधी अब्बांनी, कधी शेजारच्या मावशींनी. लिहिणं नंतर. मूल घरच्या भाषेतही वारंवार "काय?" विचारत असेल, तर मात्र कानांची तपासणी करून घ्या.

त्या मुलाला आता ‘बाळ’ ऐकू येतं. पन्नास वेळा लिहिण्याची शिक्षा मी माझ्या वर्गातून काढून टाकली आहे.