एलसी मीटर : पाच व्होल्ट हलले की कॉइल चुकते

लेखांक ७

कॉइल आणि कपॅसिटर एकमेकांना ऊर्जा देत-घेत राहतात आणि त्यातून ठरावीक फ्रीक्वेन्सी मिळते, इथवर आपण मागच्या आठवड्यात आलो. हौशी मंडळी घरी बनवतात त्या एलसी मीटरचा सगळा डोलारा यावरच उभा आहे. एलएम३११ हा कंपरेटर, १०० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर एवढं जमवलं, की साधारण ५०३ किलोहर्ट्झचा ऑसिलेटर तयार. झोपाळ्याला दर फेरीला हलका रेटा द्यावा, तसा कंपरेटर आपल्या आउटपुटमधला थोडा भाग कॉइलकडे परत धाडतो, म्हणून आंदोलनं विरत नाहीत.

मोजायची कॉइल या कॉइलच्या मालिकेत जोडली की फ्रीक्वेन्सी उतरते. ती ४८० झाली, तर ५०३ भागिले ४८० याचा वर्ग आला सुमारे १.१. म्हणजे नवी कॉइल मूळच्या एक दशांश, १० मायक्रोहेन्रीची. हा हिशेब मायक्रोकंट्रोलर करतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या मूळ कॉइलवरचा आकडा दहा टक्के इकडेतिकडे असला तरी बिघडत नाही; सुरुवातीला मीटर एक खात्रीचा कपॅसिटर जोडून तिचं खरं मूल्य काढून घेतो. पैसे खर्चायचे तर त्या कपॅसिटरवर खर्चा, एक टक्क्याचा घ्या.

मेख आहे ती छोट्या कॉइलमध्ये. १ मायक्रोहेन्रीने फ्रीक्वेन्सी जेमतेम अडीच किलोहर्ट्झ उतरते. त्याच वेळी ऑसिलेटर आपणहून ५०० हर्ट्झ घसरला, तर मीटर १.२ दाखवणार. चूक वीस टक्के!

ही घसरण बऱ्याचदा सप्लायमधून येते. कंपरेटरचा उंबरठा सप्लायच्याच व्होल्टेजमधून विभागून घेतलेला असतो, आउटपुटची उंचीही त्यावरच ठरते. म्हणून बॅटरी आणि सर्किटच्या मध्ये पाच व्होल्टचा ७८०५ रेग्युलेटर. तो आउटपुटचा एक हिस्सा आतल्या स्थिर संदर्भाशी सतत ताडून पाहतो आणि कमी-जास्त दिसलं की ट्रान्झिस्टरची चावी सैल किंवा घट्ट करतो. नेमके ५.०० व्होल्ट मिळालेच पाहिजेत असं नाही, ४.९ चालतील, पण झिरो करताना, म्हणजे टोकं जोडून आकडा शून्यावर आणताना, ४.९ आणि कॉइल लावल्यावर ४.८ हे चालणार नाही. नऊ व्होल्टची बॅटरी सातच्या खाली गेली की ७८०५ हात टेकतो. टोकं जोडून झिरो करा आणि बॅटरीवरचा भार वाढवायला डिस्प्लेचा बॅकलाइट लावा : शेवटचे आकडे सरकले, तर आधी बॅटरी बदला.

यावर उपाय म्हणून काही जण एलएम२९४० लावतात. तो साडेपाच-सहा व्होल्टांवरही काम करतो, पण त्याच्या आउटपुटला किमान २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतोच. तो गाळलात तर रेग्युलेटर स्वतःच ऑसिलेटर होऊन बसतो. गंमत म्हणजे साध्या मल्टिमीटरवर तेव्हाही पाच व्होल्टच दिसू शकतात.

पुढच्या आठवड्यात : कॅलिब्रेशनचा रिले.