यंत्रात जाण्याआधीची माती

माती परीक्षणाचा आकडा यंत्र देते, पण तो बराचसा ठरतो नमुना वाळवताना आणि कुटताना. ओली माती पिशवीत बांधून ठेवली की जिवाणू सेंद्रिय नत्राचे नायट्रेट करत राहतात. शेतात नसलेले नत्र अहवालात दिसते. म्हणून ती लगेच सावलीत पसरायची. भट्टीत तापवली, तर चिकणमातीच्या थरांत पालाश अडकतो किंवा सुटतो. जस्ताचे काम आणखी नाजूक. कमतरतेची सीमाच किलोला सुमारे ०.६ मिलिग्रॅम, पितळी चाळणीतून झडलेला कणही निदान फिरवू शकतो. लाकडी हातोडी आणि नायलॉनची चाळणी यांचा आग्रह त्यासाठीच.

कोणी म्हणेल, एकाच वावरात इतका फरक असतो, तिथे चाळणीचे काय घेऊन बसलात? पण वावरातला फरक अनेक ठिकाणची माती मिसळली की बराच निवळतो. तयारीतली चूक मात्र प्रत्येक नमुन्याला एकाच बाजूला ढकलते. वाळवल्याने माती बदलतेच, मग वाळवावी कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. परंतु ‘कमी’, ‘मध्यम’, ‘भरपूर’ या मर्यादा सहसा वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेल्या मातीचे आकडे पिकाच्या प्रतिसादाशी ताडूनच ठरल्या आहेत. वेगळ्या तऱ्हेने तयार केलेल्या नमुन्याला त्या लागू पडत नाहीत.