म्हैस कधी विणार? तारखेत दिवस मिळवायचे की महिने?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या घोडेगावचा जनावरांचा बाजार म्हशींसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या माझ्या मामांसाठी मी एक छोटं अ‍ॅप बनवलं. म्हैस भरवल्याची तारीख टाकायची, अ‍ॅप व्यायची तारीख सांगणार.

मामा म्हणाले, "दहा महिने दहा दिवस धर." मी जावास्क्रिप्टमध्ये तसंच लिहिलं. म्हैस भरवली होती ३१ जानेवारी २०२५ ला. अ‍ॅप म्हणालं, ११ डिसेंबर. जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र ७ डिसेंबर लिहून दिली होती! अ‍ॅपच्या भरवशावर मामा ७ तारखेला लग्नाला गेले असते आणि इकडे रेडकू अडलं असतं तर?

गडबड कुठे झाली?

३१ जानेवारीत १० महिने मिळवले की येते ३१ नोव्हेंबर. अशी तारीखच नाही! मग जावास्क्रिप्ट एक दिवस पुढे सरकून १ डिसेंबर धरतं. जावामधलं लोकलडेट मागे येऊन ३० नोव्हेंबर धरतं. त्यात १० दिवस मिळवा: एकाचं उत्तर ११, दुसऱ्याचं १० डिसेंबर.

तरी ७ तारीख येतच नाही. कारण मामांचा महिना ३० दिवसांचा, म्हणजे एकूण ३१० दिवस. कॅलेंडरवर ३१ जानेवारी ते ३० नोव्हेंबर हेच ३०३ दिवस होतात.

मग नियम काय?

दिवस, आठवडा यांची लांबी ठरलेली असते. महिना मात्र २८ ते ३१ दिवसांचा. म्हणूनच पायथनच्या टाइमडेल्टामध्ये दिवस, आठवडे, तास देता येतात, महिने नाहीत. गाभणकाळ, औषधाचा कोर्स असं काही असेल तर दिवस मिळवा. घरभाडं, ईएमआय असेल तर महिने. पण ३१ तारखेचं काय करायचं ते आधी ठरवा.

तुमचा मोबाईल रिचार्जच बघा. २८ दिवसांचा प्लॅन 'महिन्याचा' समजून घेतला, तर वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज करावे लागतात.

मी कोडमध्ये सरळ ३१० दिवस मिळवले आणि ७ डिसेंबर आली. शिवाय अ‍ॅप आता ३०० व्या दिवसापासूनच अलर्ट देतं. म्हैस काही कॅलेंडर बघून वीत नाही!