एका खडकाचे किती रंग?

अशी कल्पना करा, की पहाटेच्या अंधारात तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी एका वाळवंटी मैदानावर उभे आहात. पायाखाली तांबडी वाळू आहे, भोवती काटेरी गवताचे झुबके आहेत. कॅमेरा तिपाईवर बसवलेला आहे. समोर जी काळी आकृती दिसते, तो उलुरू. मैदानापासून ३४८ मीटर उंच असलेला हा एकच एक खडक! त्याला प्रदक्षिणा घालायची तर ९ किलोमीटरांहून अधिक चालावे लागते. आज दिवसभर याची छायाचित्रे घेऊन आपल्याला एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे : या खडकाचा खरा रंग कोणता?

प्रथम कॅमेऱ्याची तयारी. आजचे कॅमेरे आणि मोबाइल फोन प्रकाशातील तांबूसपणा किंवा निळसरपणा आपणहून 'सुधारतात'. पण आपल्याला तर तोच बदल टिपायचा आहे! म्हणून ही स्वयंचलित सोय बंद करा आणि दिवसभर एकच रंगमांडणी कायम ठेवा.

आपण खडकाच्या पूर्वेला आहोत. पाठीमागे सूर्य उगवतो आणि काळी आकृती पाहता पाहता तांबडी होते. असे का व्हावे? सूर्य क्षितिजावर असताना त्याचे किरण वातावरणातून फार लांबचा प्रवास करून येतात. सूर्य डोक्यावर असताना त्यांना जेवढी हवा ओलांडावी लागते, तिच्या सुमारे ३८ पट हवा आता वाटेत असते. हवेचे रेणू लहान तरंगलांबीचा निळा प्रकाश तांबड्यापेक्षा चौपटीहून अधिक विखुरतात. निळा वाटेतच गळतो आणि खडकावर पोचतो तो मुख्यतः तांबडा-नारिंगी प्रकाश.

आता दुपारचे बारा वाजले. सूर्य कोठे आहे? उत्तरेला! उलुरू मकरवृत्ताच्या थोडे दक्षिणेस आहे, त्यामुळे माध्यान्हीचा सूर्य येथे नेहमी उत्तरेकडेच असतो. खडक आता फिकट विटकरी दिसतो. छायाचित्रही सपाट येते. पावसाच्या पाण्याने खडकाच्या अंगावर वरून खाली पन्हळी कोरल्या आहेत. वरून येणारे ऊन त्या पन्हळींच्या दिशेनेच उतरते, मग सावली पडणार कशी? आणि सावली नाही तर खोलीही दिसत नाही.

ही वेळ जवळ जाऊन पाहण्याची. हा अर्कोज नावाचा, फेल्स्पार भरपूर असलेला जाड्याभरड्या वाळूचा खडक आहे. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी डोंगरांची झीज होऊन ही वाळू थरांवर थर साचली. पुढे भूकवचाच्या हालचालींमुळे ते आडवे थर जवळजवळ उभे झाले. आता एखाद्या गुहेत डोकावा. आत खडक चक्क करडा दिसतो! बाहेरचा तांबडेपणा म्हणजे खडकातील लोहयुक्त खनिजांवर हवापाण्याची क्रिया होऊन चढलेला गंज. कोकणातला जांभा तांबडा दिसतो, तोही लोहाच्या ऑक्साइडांमुळेच.

पुढे निघालो, तर वाटेत पाटी लागते : या भागाचे छायाचित्र घेऊ नये. येथील मूळ रहिवासी अनांगू लोक हजारो वर्षांपासून या भूमीवर राहत आले आहेत. खडकाच्या काही भागांशी त्यांच्या पवित्र कथा जोडलेल्या आहेत, आणि ते भाग त्या जागीच पाहायचे असतात, चित्रातून नव्हे. १९८५ साली ही भूमी त्यांना कायद्याने परत मिळाली. २०१९ पासून खडकावर चढण्यास बंदी आहे. समोर प्रकाश सुंदर असेल, जवळपास कोणी नसेल, बोट कळीवर असेल. तरीही कॅमेरा खाली घ्या. छायाचित्रकाराची खरी परीक्षा येथे होते.

दुपार कलली. ऊन बाजूने येऊ लागले आणि प्रत्येक पन्हळीच्या एका कडेला सावली उतरली. सकाळी दिसलाही नव्हता असा खडकाचा सारा सांगाडा उठून आला. खडक तोच, कॅमेरा तोच. फक्त प्रकाशाचा कोन बदलला.

मावळतीला पश्चिमेस जाऊन उभे राहा. काही मिनिटे खडक निखाऱ्यासारखा फुलतो. सूर्य बुडाला की बरेच लोक सामान आवरतात. आपण थांबू. आता खडकावर फक्त आकाशाचा मंद प्रकाश आहे. त्यामुळे तो जांभळट, मग राखी होत जातो. त्याच्यामागे पूर्व क्षितिजावर एक करडा-निळा पट्टा चढू लागतो. ती आहे आपल्या पृथ्वीची सावली! प्रकाश कमी आहे, म्हणून शटर काही सेकंद उघडे ठेवा. तिपाई आता उपयोगी पडेल.

मग खरा रंग कोणता? आत करडा, वर गंजाचा, आणि त्यावर त्या त्या घटकेच्या प्रकाशाचा. आपली सगळीच चित्रे खरी आहेत. मात्र प्रत्येकाखाली वेळ लिहायला हवी.

हे पाहायला ऑस्ट्रेलियात जायला नको. गच्चीवर एक वीट किंवा खडबडीत दगड ठेवा. कॅमेरा एका जागी पक्का करा, रंगमांडणी बदलू नका आणि सूर्योदयापासून संध्याकाळ होईपर्यंत दर तासाला एक छायाचित्र घ्या. सगळी चित्रे ओळीने मांडा आणि मित्राला विचारा : यात दगड किती आहेत?