‘संक्रांत येणे’ : पानिपत की पंचांग?

‘गिरण्यांवर संक्रांत आली’, ‘छोट्या दुकानदारांवर संक्रांत कोसळली’ अशी वाक्ये मराठी वर्तमानपत्रांत नित्य वाचायला मिळतात. तिळगूळ, हळदीकुंकू आणि वाण यांच्या सणाचे नाव संकटाला कसे चिकटले, असे विचारल्यास पुष्कळदा पानिपतच्या तिसऱ्या लढाईकडे बोट दाखवले जाते. मात्र तारखांचा हिशेब आणि पंचांगातील परंपरा यांच्या कसोटीवर हे उत्तर टिकत नाही.

गैरसमज : पानिपतचा संहार मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला आणि त्यातून हा वाक्प्रचार रूढ झाला.

वस्तुस्थिती : सदाशिवरावभाऊ आणि अहमदशहा अब्दाली यांच्या सैन्यांतील निर्णायक लढाई बुधवार, १४ जानेवारी १७६१ रोजी, म्हणजे शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीला झाली, हे खरे, परंतु त्या वर्षीची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारासच होऊन गेली होती. अलीकडच्या दिनदर्शिकांतील संक्रांतीची तारीख जशीच्या तशी अठराव्या शतकाला लावल्यामुळे हे दोन दिवस एक मानले गेले.

गैरसमज : तिथीनुसार येणारे सण मागेपुढे होतात, संक्रांत मात्र कायम १४ जानेवारीलाच असते.

वस्तुस्थिती : सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो त्या क्षणाला संक्रमण म्हणतात, आणि पारंपरिक पंचांगांतील राशी ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या असल्यामुळे त्यांचे वर्ष ‘नाक्षत्र’ असते. हे वर्ष ऋतुचक्राशी जुळणाऱ्या ‘सांपातिक’ वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असून इंग्रजी दिनदर्शिका सांपातिक वर्षावर बेतलेली आहे. त्यामुळे साधारण ७२ वर्षांत संक्रांत एका दिवसाने पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या मकरसंक्रांतीचा असून त्याची तारीख १२ जानेवारी आहे. विसाव्या शतकात हा सण बहुधा १४ जानेवारीला येत असे, तर २०२० आणि २०२४ मध्ये तो १५ जानेवारीला आला.

गैरसमज : संक्रांत हा निव्वळ मंगल सण असल्याने संकटाचा अर्थ तिला बाहेरूनच चिकटला असला पाहिजे.

वस्तुस्थिती : पंचांगात संक्रांतीची कल्पना देवीच्या रूपात केलेली असून तिची वारानुसार ठरणारी नावे, उदाहरणार्थ ‘घोरा’ आणि ‘राक्षसी’, तिचे उग्र रूप स्पष्ट करतात. संक्रमणाच्या वेळी कोणते ‘करण’, म्हणजे तिथीचा कोणता अर्धा भाग, चालू आहे यावरून तिचे वाहन, उपवाहन, वस्त्र आणि शस्त्र ठरते. बालव करण असल्यास ती वाघावर आरूढ होते, घोडा तिचे उपवाहन असतो, तिने पिवळे वस्त्र नेसलेले असते आणि हाती गदा घेतलेली असते. ती ज्या वस्तू वापरते त्या महाग होतात किंवा नाश पावतात आणि ज्या दिशेला ती जाते वा पाहते तिकडे पीडा होते, असा समज रूढ आहे. म्हणूनच ‘यंदा संक्रांत कशावर आहे?’ अशी चौकशी घरोघरी होते आणि ती पिवळ्यावर असल्याचे कळताच हळदीकुंकवासाठी काढलेली पिवळी साडी पुन्हा कपाटात जाते. ‘पिवळ्यावर संक्रांत आहे’ आणि ‘नोकऱ्यांवर संक्रांत आहे’ या दोन वाक्यांची घडण एकच असून दुसऱ्यात फक्त वस्त्राची जागा उपजीविकेने घेतली आहे. शिवाय संक्रांतीचा दुसरा दिवस, किंक्रांत किंवा करिदिन, शुभकार्याला वर्ज्य मानतात, तेव्हा अनिष्टाची छटा या सणाच्या परंपरेतच आहे.

पानिपतने मराठीला दिलेले प्रयोग वेगळे आहेत : धुव्वा उडाला की ‘पानिपत झाले’ असे म्हणतात, आणि भरवसा उरला नाही हे सांगताना, तेथे मारल्या गेलेल्या विश्वासरावांच्या नावावर श्लेष साधून, ‘विश्वास पानिपतात गेला’ असे म्हणतात. वापरातही हा भेद कसोशीने पाळला जातो, कारण निवडणुकीत हरलेल्या पक्षाचे पानिपत होते, तर सरकारी तिजोरीत खडखडाट झाला की अनुदानावर संक्रांत येते, आणि यांची अदलाबदल मराठी कानाला खटकते.