माफी आहे, मग नियम कशाला?

शनिशिंगणापूरला तेल वाहणाऱ्या भाविकाच्या मनात शनिदेव म्हणजे न्यायाधीश. ज्याचं त्याचं कर्म ज्याच्या त्याच्या पदरात घालणारा. याच नेवासे तालुक्यात, वडाळ्याच्या बाजूला, मिशनच्या काळापासून ख्रिस्ती घरं आहेत. त्यांना थट्टेत ऐकावं लागतं, ‘तुमचं बरंय, पाप करा नि माफी मागा!’

कृपा म्हणजे मोकळं रान, हा पहिला गैरसमज. तो जुना आहे. पौलाने पहिल्या शतकातच रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याला साफ नकार दिला. खरा क्रम बघायचा तर लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय बघा. जकातदारांचा मुख्य, लोकांच्या लेखी लुटारू. येशू त्याला कसलीही अट न घालता त्याच्या घरी उतरतो. मग जक्कय आपणहून उठून सांगतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. चौपटीचा हुकूम कुणी सोडला नव्हता. आधी कृपा, मग वागणूक.

दुसरा गैरसमज बाहेरच्यांचा नाही, मंडळीतल्यांचाच, आणि माझ्या मते जास्त घातक. रविवार चुकवला नाही, दशांश दिला, दारूला शिवलो नाही, की तारण पक्कं! पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. बाई शिस्तीच्या, अभ्यासू. तरी पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की तेव्हा आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो सापडायला आणखी आठेक वर्षं गेली. दुष्काळातल्या मुलींसाठी केडगावला (पुणे जिल्ह्यातलं, नगरजवळचं नव्हे) मुक्ती मिशन उभं राहिलं ते त्यानंतर. म्हणजे कृपा कळल्यावर बाईंचं काम थांबलं नाही, वाढलं.

कॅथलिक कर्म मानतात आणि प्रोटेस्टंट कृपा, असंही सर्रास म्हटलं जातं. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीत आउग्सबुर्गला रोमन कॅथलिक आणि लुथरन मंडळ्यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: देव माणसाला स्वीकारतो तो कृपेनेच, माणसाच्या पुण्याईवर नव्हे. सगळे वाद मिटले नाहीत, पण हा मुद्दा दोघांनाही मान्य आहे.

तेव्हा मंडळीच्या पंचांना विनंती एवढीच: वर्गणी थकली म्हणून कुणाचं लग्न किंवा माती अडवू नका.