स्लोनं आले, लेक्चर मिस झालं

कर्जत लोकलच्या डब्यात असे वाक्य हमखास कानी पडते : 'फास्ट कॅन्सल झाली म्हणून स्लोनं आले, लेक्चर मिस झालं.' आपण शिक्षक मंडळी लगेच म्हणतो, ही कसली खिचडी! धड मराठी नाही, धड इंग्रजी नाही. हे कितपत खरे आहे ते तपासून पाहू.

वाक्यात इंग्रजी शब्द पाच आहेत. पण 'स्लो'ला प्रत्यय लागला आहे मराठी 'नं'. फास्ट 'झाली', कारण गाडी स्त्रीलिंगी. लेक्चर मात्र नपुंसकलिंगी. इंग्रजीत लेक्चरला लिंगच नसते! म्हणजे शब्द परके असले, तरी सांगाडा मराठीच आहे.

आता 'टेबलवर ठेव' हे वाक्य घ्या. त्याऐवजी 'ऑन द टेबल ठेव' एखादा म्हणेलही. पण 'टेबल ऑन ठेव' कोणी म्हणत नाही. ('लाइट ऑन कर' मधला 'ऑन' वेगळा, तो 'चालू' या अर्थाचा.) हा नियम कोणी कोणाला शिकवलेला नाही, तरी सगळे पाळतात.

मूळचे पुण्याचे संगणकशास्त्रज्ञ अरविंद जोशी (१९२९-२०१७) यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात असताना, १९८२ साली, अशाच मराठी-इंग्रजी वाक्यांवर निबंध लिहिला. मिश्र वाक्यात एक भाषा यजमान असते, दुसरी पाहुणी. नामे, विशेषणे पाहुणीकडून खुशाल घेता येतात. पण 'वर', 'मध्ये' असे जोडकाम करणारे शब्द सुटे बदलता येत नाहीत, असे त्यांनी दाखवले.

मोरोक्कोत अरबी आणि फ्रेंच अशाच मिसळतात. तिथे 'एक प्राध्यापक' या अर्थी 'वाहेद ल प्रोफेसर' म्हणतात. 'ल' हे फ्रेंच उपपद निव्वळ फ्रेंच बोलताना इथे आले नसते. पण अरबी 'वाहेद'नंतर उपपद लागतेच, म्हणून ते आले. हुकूम अरबीचा, शब्द फ्रेंच.

कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरची कातकरी, ठाकर मुले घरची बोली घेऊन शाळेत येतात. पुस्तकातल्या शब्दाला त्यांनी घरचा प्रत्यय लावला, की आपली लाल शाई धावते. लोकलमधली मुलगी 'स्लोनं' म्हणते, तेव्हा तीही हेच करत असते. अशी वही हाती आली, तर शब्द आणि प्रत्यय दोन रकान्यांत वेगळे लिहून पाहावेत. शब्द पुस्तकातले आणि प्रत्यय बोलीचे निघाले, तर मुलाने शब्द शिकले आहेत. आता त्याला प्रमाण मराठीचे प्रत्यय तेवढे दाखवायचे आहेत.